पायी फिरताना नकाशा भरण्याची रीत : मराठवाड्यातल्या वाटांसाठी

गावातून शेताकडे जाणारी पांदण, तिच्या वळणावरची चिंच, पलीकडचा हातपंप आणि ओढ्यावरचा फरशी पूल या गोष्टी गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात, पण मोबाइलमधल्या नकाशावर त्या ठिकाणी बहुधा नुसती कोरी जागा दिसते. ती कोरी जागा भरण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपने आपल्यापैकी प्रत्येकाला दिली आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा जगाचा नकाशा स्वयंसेवकांच्या कष्टातून वाढत आला आहे. त्यामागची माहिती कोणालाही विनामूल्य घेता येते. अट एवढीच की श्रेय द्यावे आणि त्या माहितीत भर घालून ती प्रसिद्ध केली तर भरही तशीच खुली ठेवावी. इंटरनेट नसतानाही वाट दाखवणारी ऑरगॅनिक मॅप्स आणि ओसमँड ही ॲप याच माहितीवर चालतात, त्यामुळे आज आपण नोंदवलेला हातपंप उद्या एखाद्या अनोळखी वाटसरूच्या मोबाइलवर दिसू शकतो.

उपग्रहाच्या छायाचित्रावरून रस्ते, घरे आणि तळी घरबसल्या रेखता येतात, आणि तसे काम जगभरातून होतही असते. पण वस्तीचे नाव काय, रस्ता डांबरी आहे की मुरमाचा, हातपंपाला पाणी येते का, फाटकाला कुलूप असते का, हे आकाशातून कळत नाही. ते चालणाऱ्यालाच कळते. म्हणून हे मार्गदर्शन केवळ पायी करायच्या कामाविषयी आहे.

निघण्यापूर्वी

प्रथम ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खाते उघडावे. तिथे घेतलेले सदस्यनाव आपल्या प्रत्येक नोंदीसोबत सर्वांना दिसते, त्यामुळे पूर्ण नाव, जन्मवर्ष किंवा मोबाइल क्रमांक त्यात गुंफू नये. त्यानंतर अँड्रॉइड मोबाइल असल्यास स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घ्यावे. नवख्या माणसाने सुरुवात याच ॲपने करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यासाठी नकाशाची परिभाषा शिकावी लागत नाही. आयफोन असल्यास एव्हरी डोअर किंवा गो मॅप ही ॲप वापरता येतात. यांपैकी एव्हरी डोअर अँड्रॉइडवरही चालते आणि बाजारपेठेतली दुकाने नोंदवण्यासाठी ते विशेष सोयीचे आहे.

ज्या भागात फिरायचे आहे त्याचा नकाशा घरीच, वायफायवर, ॲपमध्ये उतरवून घ्यावा. शिवारात रेंज असेलच असे नाही. स्ट्रीटकम्प्लीटमध्ये दिलेली उत्तरे रेंज नसताना मोबाइलमध्येच साठून राहतात आणि नेट मिळाले की वर जातात. जीपीएस आणि पडदा सतत चालू राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून पॉवर बँक जवळ असावी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी आठच्या आतच आटोपलेले बरे. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो आणि माणसाचेही हाल होतात.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी आपल्याच गल्लीतून फिरावे. स्ट्रीटकम्प्लीट उघडले की नकाशावर लहान लहान चिन्हे दिसतात आणि प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्न असतो : या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, या रस्त्याचे नाव काय, इथे रात्री दिवे असतात का, हे दुकान किती वाजता उघडते. रस्त्याच्या प्रश्नाला छायाचित्रांसह पर्याय येतात, त्यामुळे डांबरी, सिमेंटचा, पेव्हर ब्लॉकचा, दबलेल्या मुरमाचा आणि निव्वळ मातीचा असा फरक पायाखालच्या रस्त्याशी ताडून पाहता येतो. रस्ता अर्ध्यावर बदलत असेल, म्हणजे मारुतीच्या पारापर्यंत सिमेंटचा आणि पुढे मातीचा असेल, तर इतर उत्तरांमध्ये रस्ता तोडण्याचा पर्याय असतो. तो वापरून दोन्ही तुकड्यांना वेगवेगळे उत्तर द्यावे, सरासरी काढू नये.

आपण जागेपासून दूर असताना उत्तर देऊ लागलो तर ॲप विचारते की तुम्ही हे प्रत्यक्ष जागेवर पाहिले आहे का. हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा. गेल्या वर्षी पाहिलेला रस्ता या वर्षी सिमेंटचा झालेला असू शकतो, आणि नकाशात चुकीची माहिती असण्यापेक्षा माहिती नसणे कमी घातक असते. उत्तर देता येत नसेल तर तिथे टिपण ठेवता येते, त्याला छायाचित्रही जोडता येते. पुढे कोणी अनुभवी सदस्य ते वाचून दुरुस्ती करतो. एखादे उत्तर चुकले तर ते मागे घेण्याचीही सोय आहे, त्यामुळे भीतीने हात आखडून बसण्याचे कारण नाही.

पांदण, गाडीवाट आणि पाऊलवाट

मराठवाड्यात खरे काम गावठाणाच्या बाहेर सुरू होते. नवी वाट काढण्यासाठी स्ट्रीटकम्प्लीटपेक्षा व्हेस्पुची हे अँड्रॉइडवरचे पूर्ण संपादक लागते, किंवा ओसमँडमध्ये चाललेल्या वाटेचा माग नोंदवून घरी संगणकावर तो रेखता येतो. मला दुसरा मार्ग अधिक रुचतो, कारण उन्हात उभे राहून बोटाने रेघ ओढण्यात चुका फार होतात.

वाटेचा प्रकार ठरवताना घाई करू नये. गावाला गाव जोडणारा, सर्वांच्या वाहतुकीचा लहान रस्ता ही एक गोष्ट आहे, वस्तीच्या आतला रस्ता ही दुसरी, शेतीच्या कामासाठी बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातो ती पांदण ही तिसरी, आणि केवळ माणूस जाऊ शकतो ती पाऊलवाट ही चौथी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पांदणीसाठी ‘ट्रॅक’ हा प्रकार आहे आणि ती किती घट्ट किंवा किती भुसभुशीत आहे, यासाठी पाच श्रेणींची वेगळी नोंदही करता येते. पांदणीला साधा रस्ता म्हणून नोंदवले तर नकाशा पाहून येणारी रुग्णवाहिका काळ्या मातीत रुतून बसेल, ही शक्यता मनात ठेवूनच प्रकार निवडावा.

काळ्या मातीची ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. मार्चमध्ये जी वाट सिमेंटसारखी कडक असते, तिच्यावरून जुलैमध्ये चप्पल घालून चार पावलेही टाकता येत नाहीत. वाट कोरडी असताना आपण ती पाहतो आणि तशीच नोंदवतो, ही नेहमीची चूक आहे. म्हणून वाटेवर भेटणाऱ्याला विचारावे. सेलू तालुक्यात एका पांदणीच्या तोंडाशी बैल सोडत असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले होते, “मामा, ही वाट कुठं निघती?” त्यांनी हातातली वेसण न सोडता सांगितले, “थेट नदीला जाती. पण पानकळ्यात जाऊ नका, बैलगाडी बी निघत न्हाई.” नकाशाच्या दृष्टीने त्या दोन वाक्यांत वाटेचा शेवट आणि तिच्या वापराचा काळ अशा दोन नोंदी होत्या. वाट केवळ कोरड्या हंगामात चालते, हे वाटेच्या माहितीत भरता येते आणि ते आवर्जून भरावे.

एक पथ्य मात्र पाळावे. ज्वारी निघाल्यावर रानातून तिरक्या पडलेल्या आणि पुढच्या नांगरटीत पुसल्या जाणाऱ्या वाटा नोंदवू नयेत. वर्षानुवर्षे टिकणारी वाट तेवढी नकाशावर यावी.

पाणी

ओढे आणि लहान नद्या कुठे आहेत हे छायाचित्रावरून दिसते, पण त्यांत पाणी किती महिने असते हे दिसत नाही. आपल्याकडचे बहुतेक ओढे हिवाळ्याच्या शेवटी कोरडे पडतात, तरी नकाशावर ते बारमाही निळ्या रेघेने दाखवलेले आढळतात. अशा प्रवाहाला ‘हंगामी’ ही नोंद जोडावी. ज्या प्रदेशात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नकाशावरची पाण्याची नोंद खरी असलीच पाहिजे.

हातपंप नोंदवताना तो स्वतः हापसून पाहावा. पाणी येते का, किती हापसल्यावर येते, लोक ते पितात की फक्त जनावरांना पाजतात, हे शेजारच्या घरी विचारावे. पंप बंद पडलेला असेल तर नोंद पुसून टाकू नये, तर तो वापरात नसल्याचे नोंदवावे. म्हणजे दुसरा कोणी जुने छायाचित्र पाहून तो चालू म्हणून पुन्हा टाकणार नाही. विहीर खासगी शेतात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावरून आत जाऊ नये.

बारवांकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. परभणी जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात जुन्या दगडी बारवा, म्हणजे पायऱ्यांनी उतरायच्या विहिरी, मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या कित्येक झाडोऱ्याने झाकलेल्या असल्यामुळे वरून नुसता हिरवा ठिपका दिसतो. बारवेच्या काठावर उभे राहून विहिरीचा बिंदू टाकावा, आणि वर्णनाच्या रकान्यात ती बारव असल्याचे, उतरायला पायऱ्या किती बाजूंनी आहेत, कोनाड्यांत मूर्ती आहेत का, पाणी आहे का आणि कठडा आहे की नाही, हे लिहावे. बांधकामाचे शतक जागेवरच्या अधिकृत फलकावर नसेल तर आपल्या तर्काने लिहू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर मोबाइलकडे पाहत उतरू नये. आधी पाहणी करावी, वर यावे आणि मगच नोंद करावी.

बिंदूच्या अचूकतेबद्दल एक अनुभव सांगतो. मोबाइल खिशातून काढल्याबरोबर मी एका बारवेचा बिंदू टाकला आणि घरी पाहिले तर तो शेजारच्या उसाच्या फडात पडला होता. जीपीएसला स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. दाट झाडीखाली आणि जुन्या शहरातल्या अरुंद बोळांत तर तो बराच भरकटतो. मोकळ्या जागी मिनिटभर थांबावे, नकाशावर आपल्या जागेभोवती दिसणारे अचूकतेचे वर्तुळ लहान झालेले पाहावे आणि बिंदू छायाचित्रातल्या ओळखीच्या खुणेशी जुळवून घ्यावा. छायाचित्रही काही मीटर सरकलेले असू शकते, म्हणून एकाच वाटेचे दोन-तीन दिवसांचे माग हाताशी असले तर निर्णय सोपा होतो.

नावे

नावाइतकी जपून करायची नोंद दुसरी नाही. मराठी नाव मराठीच्या रकान्यात देवनागरीत, उर्दू नाव उर्दूच्या आणि इंग्रजी नाव इंग्रजीच्या रकान्यात भरावे. खुलताबादसारख्या गावात एकाच रस्त्यावर तीन लिप्यांतले फलक दिसतात आणि तिन्ही नावांना नकाशात आपापली जागा आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये झाले. अशा वेळी आजचे नाव मुख्य ठेवून आधीचे नाव ‘जुने नाव’ या रकान्यात राहू द्यावे, कारण जुन्या कागदपत्रांवरून पत्ता शोधणाऱ्याला ते लागते.

वाडी, वस्ती आणि तांडा यांची नावे केवळ लोकांच्या तोंडी असतात. ती किमान दोघांना विचारून खात्री करून लिहावीत. एखाद्या वस्तीला बाहेरचे लोक जातीवरून हाक मारत असतील तर ते नाव न घेता तिथे राहणाऱ्यांना त्यांच्या वस्तीचे नाव विचारावे. राज्य सरकारनेही २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. किल्लारी परिसरात आणखी वेगळी दक्षता लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथली अनेक गावे नव्या जागी वसवली गेली, त्यामुळे जुन्या गावठाणाची जागा आणि आजचे गाव या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. त्यांची सरमिसळ झाली तर माणूस ओसाड जागेवर जाऊन पोचेल.

काय नोंदवू नये

गूगल मॅप्ससारख्या मालकीच्या नकाशातून एकही नाव किंवा रेघ उचलू नये. त्याची परवानगी नाही आणि अशी नोंद पुढे काढून टाकली जाते. आपण डोळ्यांनी पाहिलेले, फलकावर वाचलेले आणि लोकांना विचारून खात्री केलेले लिहावे. घरात कोण राहते, कोणाचा मोबाइल क्रमांक काय, हे नकाशाचे विषय नव्हेत. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीसारख्या लष्करी भागात मोबाइल खिशातच ठेवावा.

घरी आल्यावर

नोंदवलेला माग ओपनस्ट्रीटमॅपवर चढवायचा असेल तर आपल्या घराजवळचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा आधी कापून टाकावा, नाहीतर आपले घर आणि आपली रोजची वेळ सर्वांसमोर उघडी होते. उरलेली रेखाटणी संकेतस्थळावरच्या आयडी या संपादकात करता येते. बदल जतन करताना एक टिप्पणी मागितली जाते. तिथे ‘सुधारणा’ असा मोघम शब्द न लिहिता ‘गावापासून नदीपर्यंतची पांदण पायी जाऊन नोंदवली, दोन हातपंप तपासले’ असे लिहावे. मराठीत लिहिले तरी चालते. त्या नोंदीवर दुसऱ्या सदस्याने शंका विचारली तर उत्तर द्यावे, आणि त्याचे म्हणणे योग्य असेल तर बदल मागे घ्यावा.

मुख्य नकाशावर आपली नोंद बहुधा काही मिनिटांत दिसू लागते. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ती पुढच्या वेळी नकाशा नव्याने उतरवल्यावर येते. हिवाळ्यात नोंदवलेली पांदण पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि हातपंप मे महिन्यात पुन्हा जाऊन पाहावेत, आणि जे बदलले असेल ते त्याच दिवशी दुरुस्त करावे.