पिकअपचं डिफरन्शियल ऑइल: आधी गळती शोधा, मग भरा

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा. त्याचं ऑइल इंजिन ऑइलासारखं जळत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर पडलंय. आमच्या गेवराईच्या गॅरेजवर मोसंबी, कापूस वाहणाऱ्या पिकअप येतात, तेव्हा मी ऑइलची बाटली हातात घेण्याआधी गाडीखाली जातो.

समोर प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागे येणारा फिरता दांडा) जोडलेला असतो तिथं ओल असेल तर पिनियन सील, म्हणजे तिथं ऑइल अडवणारी कडी, गेलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ असेल तर अ‍ॅक्सल सील. हे दुसरं जास्त वाईट, कारण तेच ऑइल ब्रेक लायनरवर जातं. भरलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरत असताना ब्रेक धरला नाही, तर काय होईल ते मी सांगायला नको. अशी गाडी सील बदलल्याशिवाय मी सोडत नाही, मालक कितीही घाईत असो.

हाउसिंगवरचा, म्हणजे गोळ्याच्या कवचावरचा, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) जरूर बघा. आपल्याकडची काळी माती त्यात बसून घट्ट होते. गरम हवेला वाट राहत नाही, मग आतला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकलतो. ब्रीदर साफ न करता नवं सील टाकणं म्हणजे पैसे वाया.

आता पातळी. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून सपाट जागी लावा, दहा मिनिटं थांबा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना ठोकळे. पिकअप उंच असते, जॅक लागत नाही. लावलाच तर एकच बाजू उचलू नका, पातळी चुकते. बोल्टभोवतीची माती ब्रशनं झाडा आणि हाउसिंगच्या बाजूचा वरचा बोल्ट खोला. करंगळी आत वाकवा. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे.

बोटाला आलेलं ऑइल उजेडात बघा. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की हे होतं. तिथं टॉप-अप चालत नाही, सगळं ऑइल बदला. पण ऑइल सोडायच्या खालच्या ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी वरचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा, नाहीतर ऑइल खाली आणि भरायला वाट नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक काळा लेप चालतो. गिअरच्या दातांचे तुकडे दिसले तर गाडी उभी करा.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. मागच्या क्राऊन-पिनियनला (डिफरन्शियलमधल्या गिअरच्या जोडीला) साधारणपणे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, बऱ्याच गाड्यांत ८०डब्ल्यू-९० जाडीचं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) डिफरन्शियल असेल तर त्याला सांगितलेलं अ‍ॅडिटिव्हही बघा. थंडीत बाटली उन्हात ठेवा, पातळ झालं की पंपातून किंवा मोठ्या सिरिंजच्या नळीतून सहज जातं. भोकातून बाहेर येऊ लागलं की थांबा, जादा ऑइल निथळू द्या.

नवा वॉशर लावून बोल्ट आधी हातानं फिरवा, मग पान्यानं आवळा. हाउसिंग कापडानं कोरडं पुसून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर तो कुठल्या सीलखाली आहे ते बघून तेच सील उघडा.