फिरतीवरच्या ऑडिटरचा लॅपटॉप: ऑर्डर देण्याआधी आणि बदलीची मुदत संपण्याआधी

माहितीपत्रकावरचं वजन चार्जर सोडून मोजलेलं असतं आणि वेग एसीच्या खोलीत, चार्जर लावून. सोमवारी सोलापूरची सूतगिरणी आणि गुरुवारी चंद्रपूरचा कारखाना असं वेळापत्रक असलेल्या सीएच्या वाट्याला यातलं काही येत नाही. त्यामुळे १३-१४ इंची बिझनेस लॅपटॉप पारखताना कसोटी एकच ठेवावी: चार्जर काढून, गरम खोलीत, स्वतःच्याच फाइलींवर हे यंत्र कसं चालतं. त्यातलं निम्मं ऑर्डर देण्याआधी कागदावर तपासता येतं, उरलेलं बदलीच्या, म्हणजे विक्रेता लॅपटॉप बदलून देतो त्या मुदतीत.

सुरुवात प्रोसेसरपासून करू नका, डिजिटल सहीच्या (डीएससीच्या) पेनड्राइव्हसारख्या टोकनपासून करा. बाजारातली बहुतेक डीएससी टोकनं अजून जुन्या, चपट्या यूएसबी-ए पिनची आहेत. बारीक दिसण्याच्या नादात अनेक लॅपटॉपांनी ते पोर्ट काढून टाकलं आहे. लोंबकळत्या हबवर टोकन लावलं की धक्का लागतो आणि रिटर्नवर सही होता होता ते सुटतं. अंगचं एक यूएसबी-ए आणि पूर्ण आकाराचं एचडीएमआय, एवढं तरी हवंच. क्लायंटच्या मीटिंग रूममधल्या टीव्हीला टाइप-सीची केबल असेलच असं नाही. स्नॅपड्रॅगनवाले, म्हणजे एआरएम प्रोसेसरवरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतात आणि इंटेलसाठी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर अनुवाद करून चालवतात. पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हा अनुवाद लागू होत नाही. टोकनचा किंवा जुन्या प्रिंटरचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच गाडी अडते. मॅकवर टॅली थेट चालत नाही आणि एक्सेलचे जुने मॅक्रोही कुरकुरतात. ऑडिटच्या कामाला तूर्त इंटेल किंवा एएमडी घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

प्रोसेसरच्या नावात मोठा आकडा पाहून हुरळू नका, शेवटचं अक्षर वाचा. इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ १५५यू हा मूळ १५ वॅटचा, तर १५५एच २८ वॅटचा. सव्वा किलोच्या पातळ अंगात एच बसवला की पहिली काही मिनिटं तो सुसाट सुटतो. मग उष्णता बाहेर टाकायला जागा नसल्यामुळे वीज आवरती घेतो आणि यूच्या जवळपास येऊन बसतो. पैसे मात्र एचचे जातात. इंटेलच्याच २००व्ही मालिकेत, उदाहरणार्थ २५८व्ही, आठ कोअर आहेत आणि मूळ वीज १७ वॅट. एकाच वेळी बरीच जड कामं रेटण्यात तो एचच्या मागे पडतो, पण दिवसभर एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल यांना तो पुरून उरतो. या मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते: २५८व्ही म्हणजे ३२ जीबी, २५६व्ही म्हणजे १६. नंतर वाढवायची सोय नाही, तेव्हा निर्णय ऑर्डर देतानाच पक्का हवा. एक्सेलच्या पॉवर क्वेरीवर लाखो ओळी ओढणाऱ्यांनी ३२च घ्यावी. ज्या लॅपटॉपात रॅमच्या सुट्या पट्ट्या बसतात, तिथे १६ जीबीची एकच पट्टी आहे की ८-८च्या दोन, हे विचारून घ्या. एकाच पट्टीवर अंगभूत ग्राफिक्स मंदावतं आणि बाहेरचे दोन मॉनिटर जोडल्यावर ते जाणवतं.

वजन म्हणजे लॅपटॉप, चार्जर, केबल आणि डोंगल हे सगळं मिळून. एक किलोच्या आतला लॅपटॉप आणि त्यासोबत पाव किलोहून जड, जाड वायरीचा चार्जर, हा प्रकार सर्रास दिसतो. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला हातसामान ७ किलो असतं. त्यात ऑडिटच्या फाइली आणि दोन दिवसांचे कपडे धरले की हा हिशेब ग्रॅमवर येतो.

पडदा १६:१० आकाराचा, १९२०×१२०० पिक्सेलचा आणि निदान ४०० निट उजेडाचा मॅट असावा. ३०० निटचा पडदा दुपारच्या गाडीत खिडकीजवळ कामाचा नाही. स्वस्त आवृत्तीत गुपचूप '४५ टक्के एनटीएससी'चा फिकट पडदा घालतात. तो नको, १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलाच मागा. (पडदा किती रंग दाखवतो याची ही दोन मापं.) २८८० पिक्सेलचा ओएलईडी देखणा असतो खरा, पण पांढऱ्याफटक एक्सेल शीटवर तो बॅटरी जास्त खातो. आकड्यांच्या कामाला तो चैनच. मिल-स्टँडर्ड ८१०एच या दणकटपणाच्या शिक्क्यालाही फार भुलू नका. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे निर्माताच ठरवतो आणि लॅपटॉप हातातून पडला तर त्या शिक्क्यावर वॉरंटी मिळत नाही.

अंगभूत ५जी हवं असेल तर ते कारखान्यातूनच बसवून घ्या. अँटेना आत नसेल तर मागाहून कार्ड घालून उपयोग होत नाही. जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे, तेव्हा मोडेम स्टँडअलोनला चालतो का आणि एन२८, एन७८ हे लहरींचे पट्टे त्यात आहेत का, एवढं पाहा. बाकीच्यांना फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

खोकं आलं की उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या आणि त्यात सिरीयल नंबर दिसू द्या. ऑनलाइन विक्रेते बहुधा पैसे परत देत नाहीत, बदली देतात, तीही ठरावीक दिवसांत आणि दोष दाखवता आला तरच. त्याच दिवशी निर्मात्याच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून मोजली आहे ते पाहा. गोदामात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधीकधी कारखान्यातून निघाल्यापासून धरलेली असते. बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते. बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक पाहिजे, नाहीतर १८ टक्क्यांचं क्रेडिट हातचं जातं. (हे सीएंना सांगावं लागू नये, पण घाईत वैयक्तिक खात्यावरून ऑर्डर देणारे काही कमी नाहीत.) तीन वर्षांच्या वॉरंटीत बॅटरीला अनेकदा एकच वर्ष असतं, तेही वाचा. 'नेक्स्ट बिझनेस डे' घरपोच सेवा तुमच्या आणि नेहमीच्या क्लायंटच्या पिनकोडला खरोखर मिळते का, हे फोनवर न विचारता लेखी घ्या.

आता चाचण्या. पहिले एक-दोन दिवस विंडोजचे अपडेट, बायोस आणि फाइलींचं इंडेक्सिंग उरकू द्या; तोवर घेतलेले आकडे फसवे असतात. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन लिपीत 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, स्लॅश आणि त्याला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. नव्या यंत्रात दोन्ही जवळपास सारख्या असाव्यात आणि चार्जिंगची आवर्तनं एक आकडी. तिथे शंभरेक दिसली तर तो लॅपटॉप नवा नाही.

वेगाची चाचणी सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका फेरीवर संपवू नका. दहा मिनिटांची सलग फेरी चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची वीज व तापमान पाहत राहा. सुरुवातीला ४० वॅट आणि पाचव्या मिनिटाला १५ असं दिसलं, तर तुमच्या वाट्याचा खरा वेग १५ वॅटचा. याहून मोलाची चाचणी तुमचीच: सर्वांत जड वर्कबुक उघडणं, रिफ्रेश करणं आणि पीडीएफ काढणं, या तिन्हींची वेळ घड्याळ लावून नोंदवा. एकदा चार्जरवर, एकदा बॅटरीवर. चार्जर काढला की प्रोसेसरची वीज कापणारे लॅपटॉप बरेच आहेत आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. बॅटरीवर दीडपट वेळ लागत असेल तर आधी सेटिंगमध्ये पॉवर मोड बदलून पाहा. तरीही फरक पडला नाही तर बदलीचा विचार करा. ही फेरी एकदा पंखा-एसी बंद करून दुपारी घ्या. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी आखलेले असतात आणि विदर्भातला मे महिना ४५च्या घरात जातो. त्या उष्णतेत लॅपटॉपचा पंखा किंचाळतो आणि बॅटरी चार्ज व्हायची मंदावते किंवा थांबते. तो लॅपटॉपचा दोष नव्हे, पण कोणत्या तापमानाला हे सुरू होतं ते माहीत असलेलं बरं.

बॅटरी किती तास चालते याचा दावा सोडून द्या, हिशेब करा. ५७ वॉट-तासांची बॅटरी, एक्सेल आणि ब्राउझरला सरासरी ८ वॅट लागले तर सात तास; व्हिडिओ कॉलवर १५ वॅट लागले तर चारही नाही. तुमचे वॅट किती ते एचडब्ल्यूइन्फोच सांगतं. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावली असेल तर प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढा.

चार्जरइतकंच केबलकडेही लक्ष हवं. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतची. १०० वॅटसाठी आत चिप असलेली ५ अँपिअरची लागते. ६५ वॅटच्या दोन तोंडांच्या चार्जरला फोन जोडला की लॅपटॉपला बहुधा ४५च उरतात आणि मग जड कामात चार्जर लावूनही टक्के उतरतात. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. अर्थिंग नसल्यामुळे चार्जरच्या फिल्टरमधला किरकोळ प्रवाह अंगावर उतरतो. तो सहसा धोक्याचा नसतो, पण तीन पिनांचा, ६ अँपिअरच्या सॉकेटात बसणारा चार्जर घेतला आणि त्या सॉकेटाला खरोखर अर्थिंग असलं की झिणझिण्या थांबतात. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-तासांची चालते. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांची मर्यादा आहे आणि पॉवर बँक हातसामानातच ठेवावी लागते. तिच्यातून २० व्होल्ट, निदान ४५ वॅट निघतात का, ते खोक्यावर वाचा.

सर्वांत जास्त लोक फसतात ते झोपेच्या चाचणीत. आजचे बहुतेक लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, फोनसारखे अर्धवट जागे राहतात. बॅगेत असतानाच अपडेट सुरू होतो, बॅग गरम होते आणि पोहोचेपर्यंत बॅटरी रिकामी. रात्री टक्के लिहून झाकण मिटा, सकाळी पाहा. आठ तासांत पाच-सहा टक्क्यांहून जास्त उतरले तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकणाला 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट', म्हणजे काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं, लावा. आणि निघताना आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा. उलट केलं तर काही यंत्रं चार्जर अजून लागलेला आहे असं समजून जागीच राहतात.

कॅमेरा खिडकीकडे पाठ करून तपासा, माइक पंखा चालू ठेवून. बिजागरी एका हाताने उघडते का यापेक्षा टाइप करताना पडदा हलतो का, हे जास्त महत्त्वाचं.

शेवटी कुलूप. विंडोज ११ प्रो घ्या; विंडोज होमवर ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे एकत्र सांभाळलेल्या नेटवर्कला, जोडता येत नाही. क्लायंटचे ताळेबंद घेऊन फिरायचं तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू हवाच. पण त्याची ४८ अंकी रिकव्हरी की पहिल्या फिरतीआधी छापून घ्या. बायोस अपडेटनंतर ती अचानक मागितली जाते आणि त्या वेळी ती लॅपटॉपातल्याच फाइलीत असेल तर उपयोग शून्य. एक प्रत ऑफिसात, एक पाकिटात. लॅपटॉपच्या बॅगेत एकही नको.