भाषा शिकवून स्वतंत्रपणे उभं राहायचंय? आधी विद्यार्थी ठरवा

मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. आधी शाळेत होते, आता स्वतंत्र काम करते. लालबाग, परळ, दादर हा माझा पट्टा. शाळेतल्या, क्लासमधल्या ओळखीच्या शिक्षिका फोन करून विचारतात, ‘नोकरी सोडून असं काही जमेल का गं?’ त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. उदाहरणं मराठीची आहेत, पण तुम्ही गुजराती, जर्मन, जपानी, इंग्रजी काहीही शिकवत असाल तरी बरंचसं लागू पडेल.

शाळेत नोकरीला असाल तर एक गोष्ट सगळ्यात आधी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे ‘संध्याकाळी दोन शिकवण्या घेऊन बघते आणि मग ठरवते’ हा रस्ता शाळेतल्या शिक्षकाला बंद आहे. नोकरीत असताना करता येते ती तयारी: अभ्यासक्रम लिहिणं, एखादं प्रशिक्षण पूर्ण करणं आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकणं. क्लासमध्ये किंवा संस्थेत शिकवत असाल तर नेमणूकपत्र पुन्हा वाचा, बाहेर काम करण्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते बघा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकरीचा भाग म्हणून तयार केलेलं साहित्य, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. म्हणून संस्थेसाठी केलेल्या वर्कशीट घेऊन बाहेर पडू नका. स्वतःच्या नव्याने करा, त्या चांगल्याच होतील.

कोणाला शिकवणार?

‘मी मराठी शिकवते’ एवढ्याने कोणी येत नाही. मुंबईत मराठी शिकायची गरज असलेले लोक भरपूर आहेत, पण प्रत्येकाची गरज निराळी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे आयसीएसई-सीबीएसईच्या मुलांचे पालक शिकवणी शोधतात. बाहेरच्या राज्यातून बदली होऊन आलेल्या बँकेतल्या माणसाला काउंटरवर बोलता यायला हवं. अमराठी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी भाषा संचालनालयाच्या मराठी भाषा परीक्षा असतात, तिथे लेखी मराठी लागते. या तिघांना एका बॅचमध्ये बसवलं तर तिघांचंही नुकसान होतं.

मी परिचारिका आणि डॉक्टर निवडले. परळला केईएम, टाटा, वाडिया एकमेकांच्या हाकेवर आहेत. केरळमधून आलेल्या परिचारिका, इतर राज्यांतून शिकायला आलेले निवासी डॉक्टर, सगळे तिथे पायी चालण्याच्या अंतरावर. त्यांचा पहिला तास ‘माझे नाव अमुक आहे’ने सुरू करण्यात अर्थ नाही. त्यांना पहिल्याच दिवशी लागतं ते असं: कुठे दुखतंय? कधीपासून? काही खाल्लंय का? कुशीवर वळा. श्वास रोखून धरा. सोडा.

बोलण्यापेक्षा ऐकणं त्यांना जास्त जड जातं. कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेली म्हातारी ‘मला वेदना होत आहेत’ असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, पोटात कळ येते. पाय ठणकतोय. छातीत चमक निघाली. अंगात कणकण आहे. डोकं जड झालंय. मळमळतंय, पण उलटी होत नाही. यातल्या प्रत्येक वाक्याने डॉक्टरचा पुढचा प्रश्न बदलतो. म्हणून माझ्या अभ्यासक्रमात दुखण्याची क्रियापदं व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी आधी येतात. तुमच्या विद्यार्थ्याच्या कामाच्या जागी जाऊन एक दुपार नुसतं ऐकत बसा, परवानगी घेऊन. बँकेच्या शाखेत बसा, सोसायटीच्या ऑफिसात बसा. जे कानावर पडेल ते वहीत उतरवा. अभ्यासक्रमाचा अर्धा भाग त्या वहीत असतो.

दुसरा अर्धा भाग विद्यार्थ्याच्या मातृभाषेत असतो. याबद्दल मला फार वाटतं, कारण इथेच शिक्षकाची खरी किंमत दिसते. हिंदी बोलणाऱ्याला नपुंसकलिंग नवं असतं. गुजरातीत ते आहे, त्यामुळे गुजराती माणसाला ‘ते घर, ती घरं’ फार समजावावं लागत नाही. हिंदीवाला ‘मैंने आम खाया’ म्हणतो, म्हणून मराठीत ‘मीने’ म्हणू लागतो. त्याला दाखवायचं: ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’. मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे ‘ती आली, तो आला, ते आलं’ हे केरळच्या विद्यार्थिनीला सवयीनेच बसवावं लागतं. ‘ळ’ मात्र तिच्या तोंडी आधीपासून असतो, तो हिंदीवाल्याला घोटून घ्यावा लागतो. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ तर जवळजवळ सगळ्यांनाच शिकवावा लागतो. हे ज्याला आधीच माहीत आहे, तो शिक्षक विद्यार्थ्याचे महिने वाचवतो.

चोवीस तासांचा एक पक्का अभ्यासक्रम

सुरुवातीला एकच अभ्यासक्रम बनवा, पण पूर्ण बनवा. चोवीस तास पुरे. प्रत्येक तासाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता येईल ते एका वाक्यात लिहा. ‘भूतकाळ’ असं लिहू नका. ‘रुग्णाला काल काय खाल्लं ते विचारता येतं आणि उत्तर कळतं’ असं लिहा. पातळ्यांची चौकट हवी असेल तर कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली मांडलेली ए१ ते सी२ ही सहा पातळ्यांची रचना वाचा. जर्मन, फ्रेंच शिकवणारे तिच्यावरच चालतात. मराठीसाठीही मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी पातळीवार अभ्यासक्रम तयार केला आहे. मराठीवाल्यांनी तो बघितल्याशिवाय स्वतःचा लिहायला घेऊ नये.

साहित्यासाठी पुस्तकांच्या झेरॉक्स नकोत. विजेचं बिल, बेस्टच्या थांब्यावरची पाटी, ‘पुढील स्टेशन’ची घोषणा, सोसायटीच्या फळ्यावरची पाणीकपातीची सूचना, केसपेपर: एवढ्यावर दहा तास निघतात.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्याचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि चोविसाव्या तासाला पुन्हा त्याच विषयावर. दोन्ही त्याला एकापाठोपाठ ऐकवा. पुढचा विद्यार्थी यातूनच येतो, कारण तो स्वतःच वॉर्डातल्या दुसऱ्याला ऐकवतो. जाहिरातीवर मी कधी पैसे घातले नाहीत.

फी

शेजारच्या बाई किती घेतात यावरून फी ठरवू नका. गणित मांडा. समजा घरात महिन्याला ४५ हजार यायला हवेत, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. इंटरनेट, प्रवास, छपाई, मेडिक्लेम यांचे ६० हजार धरा. झाले ६ लाख. आठवड्याला १५ तासांच्या वर शिकवू नका, कारण तयारीला जवळपास तेवढाच वेळ जातो. वर्षाचे ५२ आठवडे मिळत नाहीत. मे महिना, गणपती, दिवाळी, परीक्षांचे दिवस वजा केले की ४२ धरावेत. म्हणजे ६३० तास. तासाला साधारण ९५० रुपये. हा आकडा समोर असला की एकट्याला १,००० आणि चौघांच्या बॅचला प्रत्येकी ३०० हे संकोच न करता सांगता येतं. ऑनलाइन आहे म्हणून फी निम्मी करू नका. तयारी तेवढीच असते.

बारा तासांची फी आगाऊ घ्या. आदल्या दिवशी न कळवता रद्द केलेला तास घेतला असं धरा, आणि हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर तास ऑनलाइन होईल, हेही त्यातच लिहा. आणि एका संध्याकाळी एकाच लाइनवरच्या शिकवण्या ठेवा. वाशीहून निघून बोरिवलीला पोचणाऱ्या शिक्षकाकडे शिकवायला जीव उरत नाही.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण एका आठवड्यात उरकतं. बँकेत वेगळं खातं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, जी सरकारी पोर्टलवर मोफत होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तिचा मोठा उपयोग कंपन्यांची कामं घेताना होतो, कारण नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात जास्त मुदत लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते वाक्य बिलावर छापा. महाराष्ट्रात मोजकीच माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला दुकाने-आस्थापना कायद्याखाली परवाना लागत नाही, सूचना पुरते. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की लागतो. व्यवसाय कर आणि आयकर यांसाठी एकदा सीएकडे बसा. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावे दिसतोय ना, हे दर तिमाहीला बघा. घरी बॅच घेणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, वेळा सांगा.

स्वतः शिकत राहणं

स्वतंत्र झालं की तुमचा तास बघायला कोणी येत नाही. याची भरपाई जाणूनबुजून करावी लागते. इंग्रजी शिकवणाऱ्यांना केंब्रिजचा सेल्टा आहे: किमान १२० तासांचा, आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं, मागे बसलेले प्रशिक्षक ते बघणार. जर्मन-फ्रेंचवाल्यांनी काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आणि मरीन लाइन्सची आलियान्स फ्रान्सेज यांच्या शिक्षक-कार्यशाळांवर लक्ष ठेवावं. आपल्या भाषांसाठी असं दार सहज सापडत नाही, म्हणून चार-पाच जणांचा गट करा. आमच्या गटात मराठी, गुजराती, तमिळ आणि जर्मन शिकवणारे आहेत. महिन्यातून एकदा दादरला भेटतो. प्रत्येक वेळी एकाने आपल्या तासाचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आणायचं, विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन. बाकीच्यांनी दोनच गोष्टी लिहायच्या: शिक्षक किती मिनिटं बोलला आणि विद्यार्थी किती मिनिटं. मोठी चर्चा लागत नाही, तो कागद समोर ठेवला की पुरतं.

शिवाय दर दोन-तीन वर्षांनी एखादी संपूर्ण अनोळखी भाषा, अनोळखी लिपीसह, विद्यार्थी होऊन शिका. मी मल्याळम घेतली. माझ्या विद्यार्थिनी ‘आली-आला’त का अडकतात ते पुस्तकात वाचलं होतं, अंगात उतरलं ते तेव्हा.

काम वाढून दुसऱ्या शिक्षिकेला बॅच द्यायची वेळ आली तर अभ्यासक्रमाची फाइल देऊन मोकळ्या होऊ नका. तिला तयारीच्या वेळेचेही पैसे द्या. साहित्य कोणाचं राहील ते लेखी ठरवा, तिने नवीन केलेलं तिचंच राहू द्या. आणि पहिले चार तास मागच्या बाकावर बसा, वही घेऊन, मध्ये न बोलता.