एल्क ओरडत नाहीत? मग या चुका टाळा

सप्टेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाचे नर माजावर असतात. त्यांची किंचाळती, लांबलचक साद पार पलीकडच्या धारेवरून ऐकू येते आणि शिकाऱ्याचं निम्मं काम तिथंच होतं. ऑक्टोबरात माज ओसरतो, त्यात रायफलवाल्यांची गर्दी होते आणि तेच रान मुकं होतं. मग "इथे एल्कच नाहीत" म्हणत गाडी पुढच्या खोऱ्याकडे वळते. आधी लेंड्या तर बघा! सुकलेल्या, भुगा होणाऱ्या असतील तर खुशाल निघा. ओल्या, चकाकणाऱ्या असतील आणि झाडीतून गोठ्यासारखा उग्र वास येत असेल, तर कळप जवळपासच आहे; फक्त उजेडात उघड्यावर येत नाही.

तो बोलत नाही म्हणून आपणच आणखी जोरात साद घालायची, हे तर सर्रास चालतं. माज सरलेला नर खंगलेला असतो, त्याला भांडणात रस नसतो. शिवाय सरकारी जंगलात अशा नकली सादा त्याने महिनाभर ऐकलेल्या असतात. कॉल (साद काढायची शिटी) वापरायचाच तर मादीचा, हळू आवाजात, बऱ्याच वेळाने एखादा. आणि नंतर लगेच उठू नका. असा नर आला तर आवाज न करता येतो, तोही बहुधा वळसा घालून, तुमचा वास घेता येईल अशा बाजूने. नजर तिकडे ठेवा.

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकारी वाऱ्यापायी हुकतात. लोक गाडीपाशी एकदा वारा बघतात आणि दिवसभर त्याच भरवशावर चालतात. डोंगरात ते चालत नाही. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन लागून उतार तापला की वर चढू लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या अंगाने जायचं आणि हवा पक्की वर चढायला लागली की वरून किंवा बाजूने. वारा कुठे वाहतो ते दिसावं म्हणून खिशात पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर थोड्या अंतरावर दाबा. पावडर सरळ वर जात असते, मग एखाद्या घळीपाशी तीच गिरकी घेऊन तुमच्या मानेमागे येते. अशा वेळी, विशेषतः हवा पालटण्याच्या तासाभरात, जिथे आहात तिथेच बसा. एल्कला तुम्ही दिसलात तर तो क्षणभर थांबून बघेल. वास लागला तर कळप दुसऱ्या खोऱ्यात जाईल.

दुर्बिणीतून अख्खा एल्क शोधू नका. उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ, हलणारा कान, फिकट पिवळसर पुठ्ठा, एवढंच दिसतं. दहापट दुर्बीण तिपाईवर लावून उत्तरेकडच्या दाट उतारावरचे सपाट टप्पे सावकाश चाळा. दिवसा ते तिथे रवंथ करत बसतात आणि मधूनच कूस बदलायला उठतात. दुपारी जेवायला तंबूत परतणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

लपायचं म्हणून नारिंगी जाकीट काढून ठेवणारेही भेटतात. रायफलच्या हंगामात अंगावर किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने बंधनकारक आहे. एल्कला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, हालचाल मात्र लगेच दिसते. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याकडून इकडे आलेल्यांना हे सगळं नवंच असतं. 1949 पासून जन्मलेल्यांना इथे परवान्याआधी शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं.

गप्प एल्कच्या मागे माणूस नकळत खोल दरीत उतरतो. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या घरात असतो आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून यायची मुभा नाही. बार टाकण्याआधी गाडी किती लांब आहे, चढ किती आहे आणि सोबत मांस पाठीवर वाहणारे किती जण आहेत, ते मोजा. ऊन असेल तर मांस लवकर खराब होतं, तेव्हा आणखी जवळचा एल्क शोधा.