जुनी गाडी चालू होईना? आधी सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) आवाज ऐका

गाडी चालू होईना म्हटलं की बहुतेक जण सेल्फ मारतच राहतात. त्यानं मूळ बिघाड तसाच राहतो, वर चांगली बॅटरीही उतरते. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावं. पुढची माहिती मुख्यतः मारुती ८००, ओम्नी अशा कार्ब्युरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं शेवटी सांगितलंय.

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या, हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. नजर लाइटवर, कान सेल्फकडे.

लाइट मंद होतो, नुसतं कट-कट वाजतं

सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका, आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर दहा नंबरच्या पान्यानं आधी मायनस, मग प्लस सोडवा. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा. ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी प्लस, मग मायनस घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. एवढ्यावरही पुष्कळ गाड्या चालू होतात.

मग मल्टिमीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. चार्ज करूनही तसंच झालं तर बदलाच.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीचं पाणी झपाट्यानं उडतं. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मग परभणी-नांदेडकडच्या डिसेंबरच्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट झालं की हीच बॅटरी दगा देते, आणि दोष मात्र थंडीला जातो. पाणी प्लेटांच्या साधारण १० मिलिमीटर वर हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात, आणि ॲसिड वरून ओतायचं नसतंच.

शेतात अडकलात तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते. ट्रकची जोडू नका, ती व्यवस्था २४ व्होल्टची असते. ट्रॅक्टर बंद ठेवूनच लाल केबल प्लसला प्लस जोडा. काळी आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटी आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेटू शकतो.

लाइट झगझगीत, पण एकच ‘टक’ किंवा काहीच नाही

इथं बॅटरीवर शंका घेऊ नका. इंजिनला मायनस देणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाडीत गंजते. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. जोरात फिरलं तर पट्टी बदला, खर्च किरकोळ आहे. नाही फिरलं तर सोलेनॉइडची (सेल्फवरच्या चुंबकी स्विचची) बारीक वायर निघाली आहे का ते बघा. सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्यानं हलके ठोकल्यावर गाडी चालू झाली तर सेल्फमधले, करंट आत पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. हा उपाय घरी पोचण्यापुरताच.

सेल्फ छान फिरतं, पण इंजिन पकडत नाही

आवाज नेहमीपेक्षा हलका आणि सरसर येत असेल तर थांबा, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. तसं नसेल तर आधी ठिणगी तपासा. एक स्पार्क प्लग काढा, त्याच्या वायरीत बसवा, प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर इन्सुलेटेड पक्कडीनं धरा; जवळपास सांडलेलं पेट्रोल नको. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळसर, लुळी असेल किंवा नसेलच तर डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाचं) टोपण उघडा. पहिल्या पावसानंतर आत ओल धरते. कोरड्या फडक्यानं पुसा, तडा बघा. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या गाडीत ते काळे पडलेले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करून फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. गाडी कडब्याच्या किंवा धान्याच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर प्लगच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघा.

प्लग पेट्रोलनं ओला असेल तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय. चोक ओढलेला असेल तर आत ढकला, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. पंपिंग केलंत तर आणखी पेट्रोल जाईल.

ठिणगी आहे, प्लग मात्र कोरडा, तर पेट्रोल येत नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची कळ) दाबा. कार्ब्युरेटरमध्ये बारीक धार उडायला हवी. नसेल उडत तर काटा काहीही दाखवो, आधी टाकी खरंच भरलेली आहे का बघा, मग पेट्रोलचा फिल्टर आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा). आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅमला ते मानवत नाही. नळीवर तडे किंवा ओल दिसली तर आधी नळी बदला, गळती घेऊन सेल्फ मारू नका.

भर दुपारी घाट चढून चहाला थांबलात आणि नंतर गाडी घेईना, तर बहुधा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडून इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, १५-२० मिनिटं थांबा. तापलेल्या इंजिनावर किंवा सायलेन्सरच्या पाइपावर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

डिझेल गाडी

थंडीत डॅशबोर्डवरचा हीटरचा (इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, लाइनमध्ये हवा शिरलेली असते. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत फिल्टरजवळचा एअरचा स्क्रू थोडा सैल करून हँड प्रायमर (हातानं दाबायचा छोटा पंप) दाबत राहा. फेस जाऊन सलग डिझेल यायला लागलं की दाबत असतानाच स्क्रू आवळा, मग सेल्फ मारा.