जावास्क्रिप्टमध्ये व्हॅल्यूची स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) करताना
मी डोळे झाकून स्ट्रिंग() वापरते. नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू) किंवा अनडिफाइन्ड (व्हॅल्यूच न दिलेली) आलं तरी ते मुकाट्याने त्याच नावाची स्ट्रिंग देतं, तिथे .टूस्ट्रिंग() लावलंत की टाइपएरर ठरलेली. मात्र रंगाचा हेक्स कोड (सोळाच्या पायातला आकडा) हवा असेल तर टूस्ट्रिंगच कामाचं: २५५ वर लावून कंसात १६ दिलेत की 'एफएफ' मिळतं.

ऑब्जेक्टचं (प्रॉपर्टी, म्हणजे नाव-व्हॅल्यूच्या जोड्या, एकत्र ठेवणाऱ्या व्हॅल्यूचं) प्रकरण वेगळं. साध्या ऑब्जेक्टचं स्ट्रिंग() नुसतं '[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]' करून ठेवतं (डीबग करताना याचा काडीचा उपयोग नाही), म्हणून जेसन.स्ट्रिंगिफाय() घ्या. कंसात ऑब्जेक्टनंतर दुसऱ्या जागी नल, तिसऱ्या जागी २ द्या; आउटपुट नीट ओळी पाडून येतं. पण फंक्शन किंवा अनडिफाइन्ड असलेल्या प्रॉपर्टी ते न सांगता गाळतं, तारीख यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं आणि बिगइंट (खूप मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार) दिसला की सरळ एरर फेकतं.