चार वाक्यांची भूमिका मिळालीय? आधी दालिओ पाहा

पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की दर वर्षी कुणीतरी मुलगा नाहीतर मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच सांगते, "ताई, मला वेटरच दिलाय. चारच वाक्यं आहेत." गेली सव्वीस वर्षं मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नटांना विसरलेले शब्द पुरवते. तिथून नायकाची जेमतेम एक बाजू दिसते. पण कडेला उभा राहून दुसऱ्याचं ऐकणारा नट अगदी हाताच्या अंतरावर असतो, आणि तो खरंच ऐकतोय की स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय हे मला लगेच कळतं. त्या मुलांना मी एकच काम देते: आठवडाभर मार्सेल दालिओ हा फ्रेंच नट बघा. कसा बघायचा, ते इथे लिहिते.

सुरुवात 'कासाब्लांका'पासून करा. चित्रपट १९४२चा, बहुतेकांनी पाहिलेला, आणि तरीही दालिओ कुणाला आठवत नाही. श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा नाही. नायक रिकच्या कॅफेमध्ये रूलेटच्या, म्हणजे चक्रावरच्या जुगाराच्या टेबलाशी उभा असलेला एमिल, तो दालिओ. एक बल्गेरियन तरुण शेवटचे पैसे घेऊन बसलेला असतो आणि रिक त्याला २२ आकड्यावर लावायला सुचवतो. इथे आवाज बंद करा आणि रिककडे अजिबात बघू नका. एमिलचे डोळे क्षणभर मालकाकडे जातात, परत टेबलावर येतात. त्याला समजलं, बस. पैसे तरुणाकडे सरकवतो, २२ पुन्हा येतो, पुन्हा सरकवतो. नंतर रिक आजचा हिशेब विचारतो तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा दोनेक हजार कमीच आहेत, असं तो सांगतो. मालकाने मुद्दाम पैसे घालवले हे त्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचं तो दाखवत नाही. पुढे जुगार चालतो म्हणून पोलीस कॅप्टन रेनो कॅफे बंद करायला निघतो, त्याच क्षणी रेनोने स्वतः तिथेच जुगारात जिंकलेल्या पैशांची गड्डी त्याला आणून देणाराही एमिलच. आख्खा प्रसंग त्या गड्डीवर उभा आहे, आणि दालिओ ती एखाद्या वेटरने बिल आणावं इतक्या साधेपणाने देतो. तिथे तो जरा जरी हसला असता तर सगळं वाया गेलं असतं.

हा तुकडा तीनदा बघा. एकदा फक्त डोळे, एकदा फक्त हात, आणि शेवटी आवाज लावून. वहीत "छान अभिनय" असलं काही लिहायचं नाही. कुठल्या वाक्यावर नजर हलली आणि हात कधी थांबला, तेवढंच लिहा.

आता मागे जा, १९३७च्या 'ला ग्रांद इल्युझियाँ'कडे. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात मी तो पहिल्यांदा पाहिला, आणि रूलेटवाला तो हाच माणूस यावर माझा विश्वास बसेना. दिग्दर्शक ज्याँ रेन्वारच्या या युद्धपटात दालिओ रोझेनथाल आहे: श्रीमंत ज्यू घरातला युद्धकैदी, घरून येणारे खाण्याचे डबे सगळ्यांना वाटणारा. सहकैदी झालेल्या ज्याँ गॅबँसोबत तो पळून निघतो, पाय दुखावतो, दोघं भांडतात आणि गॅबँ त्याला सोडून चालू लागतो. एकटा पडलेला रोझेनथाल दगडावर बसून लहान मुलांचं एक गाणं रागाने मोठमोठ्याने गातो. गाताना राग हळूहळू भीतीत कसा उतरतो, ते बघा. एकटं पडणं कसं करायचं असं मुलं विचारतात तेव्हा मी हाच प्रसंग लावते.

त्यानंतर १९३९चा 'ला रेग्ल द्यू ज्य'. इथे दालिओ चक्क मार्की, म्हणजे उमराव, यांत्रिक बाहुल्या आणि गाणारे पक्षी जमवणारा. पाहुण्यांसमोर तो आपला नवा प्रचंड यांत्रिक ऑर्गन उघडतो. कॅमेरा रंगीत बाहुल्यांवरून सरकत त्याच्या चेहऱ्याशी येऊन थांबतो, आणि त्या चेहऱ्यावर अभिमान आणि संकोच एकाच वेळी आहेत. एकामागून एक नाही, एकाच वेळी. मला विचाराल तर त्याच्या साऱ्या कामात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. याच चित्रपटात नोकरमंडळी जेवताना कुजबुजतात की मार्कीच्या आईचे वडील रोझेनथाल नावाचे, म्हणजे ज्यू होते. दालिओसारख्या ज्यू नटाने मार्की करावा हे त्या काळच्या फ्रान्समध्ये अनेकांना खुपलं होतं.

आता त्याचं आयुष्य वाचा, मुद्दाम इथेच, आधी नको. खरं नाव इस्राएल ब्लाउशिल्ड. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरायच्या आधी तो पत्नी मादलेन लबोसह निसटला. लिस्बनला पोचला, तिथून बोटीने निघाला, तर चिलीचे व्हिसा बनावट निघाले आणि दोघं मेक्सिकोत अडकली. शेवटी कॅनडाच्या तात्पुरत्या पासपोर्टवर अमेरिका गाठली. मागे पॅरिसमध्ये नाझींनी त्याचाच चेहरा "ज्यू असा दिसतो" म्हणून पोस्टरवर छापला. आईवडील छळछावणीत गेले. 'कासाब्लांका'त राष्ट्रगीतानंतर भरल्या डोळ्यांनी "व्हीव ला फ्रान्स" (फ्रान्सचा विजय असो) ओरडणारी तरुणी म्हणजे मादलेन लबो. त्यांचं लग्न याच सुमारास मोडलं.

हे वाचून झालं की पुन्हा रूलेटचं टेबल लावा. मार्कीची भूमिका केलेला हा नट तीन वर्षांत श्रेयनामावलीत नावही नसलेला क्रूपिए, म्हणजे जुगाराचं टेबल चालवणारा झाला, आणि हात तेवढेच नेमके आहेत. १९७३ मध्ये तो 'रब्बी जाकोब'मध्ये खरा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू झाला, तोही अवश्य बघा. १९८३ मध्ये तो गेला.

आता तालमीकडे. आपल्या पात्राला हातात एक काम द्या, आणि ते काम नाटकाच्या गोष्टीचं नको, त्या पात्राचं स्वतःचं असू दे. वेटरला दुसऱ्या टेबलाचं बिल बाकी असतं. मग समोरच्याच्या कुठल्या एका वाक्यावर ते काम थांबेल, हे ठरवा. एकाच. दोन ठरवलीत की प्रेक्षक तुमच्याकडे बघायला लागतो आणि प्रसंग सुटतो. गेल्या वर्षी मोलकरणीची भूमिका करणारी एक मुलगी ट्रेमधले कप पुसत होती. नायिका म्हणाली, "तो आता येत नाही," आणि हिचा हात तिसऱ्या कपावर थांबला. पुढचं वाक्य तिचंच होतं. पहिल्या तालमीत ती विसरली असं समजून मी विंगेतून शब्द पुरवला आणि तिचा सगळा क्षण मोडला. म्हणून असा विराम घ्यायचा ठरला की त्याच दिवशी प्रॉम्प्टरला सांगा. तिच्या वाक्याशेजारी माझ्या संहितेत पेन्सिलने काढलेला छोटा कप अजून आहे.